मालवणची श्वासाची पेटी

मैत्रिणींनो, कुकरची रबरी रिंग वेळेवर बदलणाऱ्या आपल्यापैकी किती जणी असतील? शिट्टीऐवजी कडेने वाफ फुसफुसायला लागली की आपण रिंग घटकाभर थंड पाण्यात टाकतो, उलटी करून बसवतो, वर मूठभर कणीक चोपडतो आणि "अजून महिनाभर चालेल" म्हणून पुढच्या कामाला लागतो. मीही त्यातलीच. पण २०२० साली मालवणला अडीच-तीन महिने काढून आले, आणि तेव्हापासून माझ्या घरात रिंगेची हयगय होत नाही. त्याचं कारण सांगायचं तर मला तुम्हांला थेट समुद्राच्या तळाशी न्यावं लागेल. चला तर!

माझी थोरली बहीण मालवणला दिलेली. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण सांगलीहून मालवणला माझं जाणं व्हायचं ते चार-पाच वर्षांतून एकदा. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता. "पाडव्याला ये, आंबेही सुरू होतील," असा ताईचा फोन आला, म्हणून मी १९ मार्चला एक पिशवी घेऊन निघाले. चार साड्या, एक शाल आणि परतीचं तिकीट! रविवारी २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, आणि पाडव्याच्या दिवशीच देशभर टाळेबंदी लागली. गुढी उभारली खरी, पण गाठी आणायला बाजारात जाता आलं नाही. ताईने घरच्याच साखरेचा पाक करून कसाबसा एक हार जमवला. चार दिवसांची पाहुणी जूनपर्यंत राहिली.

तुम्ही मालवण पाहिलं असेल तर ते गर्दीचं पाहिलं असेल. जेट्टीवर किल्ल्याच्या होड्यांसाठी रांग, हॉटेलांतून तळलेल्या बांगड्यांचा वास, दुकानादुकानांत खाजाच्या पुड्या, कोकमं, आमसुलं. मी पाहिलं ते मालवण त्या दिवसांत अगदी मुकं होतं. ताईचं घर दांडीच्या किनाऱ्याजवळ. अंगणातून माडांच्या फटीतून समोर सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं आणि तीन वर्षांत तो पाण्यात उभा राहिला. पायाला शिसं ओतलंय म्हणतात, पण मला मात्र त्याच्या विहिरींचंच अप्रूप. दूधबाव, दहीबाव, साखरबाव! चहूकडे खारट समुद्र आणि मधोमध गोडं पाणी. नावं ठेवणारी नक्की कुणी तरी बाईच असणार, असं मी ताईला म्हटलं. एरवी त्या किल्ल्याभोवती होड्यांची नुसती ये-जा चालते. एप्रिलमध्ये मात्र सकाळी उठून पाहावं, तर पाण्यावर एक रेघ नाही. फक्त लाटांचा आवाज आणि कावळे.

"समुद्राक सुट्टी नसता," असं भावोजी ओटीवर बसून म्हणायचे, आणि मग स्वतःच गप्प व्हायचे.

गप्प व्हायला कारण होतं. माझा भाचा स्कूबाच्या धंद्यात आहे. स्कूबा म्हणजे पाठीला हवेचं सिलिंडर बांधून पाण्याखाली जायचं. मालवणच्या समुद्रात किल्ल्याच्या आसपास खडक आहेत, प्रवाळ आहेत, रंगीबेरंगी मासे आहेत. १९८७ साली इथल्या समुद्राचा काही भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीरही झाला. जवळच तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची पाणबुड्यांना शिक्षण देणारी संस्था आहे, तिथेच भाचा शिकला. पुढे बँकेचं कर्ज काढून त्याने होडी घेतली, सहा जणांचं सामान घेतलं, हवा भरायचा कॉम्प्रेसर घेतला. पोहता न येणाऱ्या माणसालाही तो हात धरून पाच-सात मीटर खाली नेऊन आणतो. हे सगळं मला फोनवरून माहीत होतं, पण त्याचा अर्थ मला कळला तो त्या रिकाम्या दिवसांत.

एके दुपारी मागच्या पडवीतल्या खोलीत डोकावले, तर भाचेसून दोरीवर कसल्याशा नळ्या वाळत घालत होती. एका टोकाला पितळेचा जाडजूड गोळा, दुसऱ्या टोकाला तोंडात धरायचा रबरी तुकडा. हाच तो रेग्युलेटर. मी म्हटलं, "अगं, वापरत नाही तर धुतेस कशाला?" ती म्हणाली, "वापरीत नाही म्हणूनच, मावशी."

आणि मग तिने मला जे समजावून सांगितलं, ते मी तुम्हांला माझ्या भाषेत सांगते. आपल्या कुकरमध्ये वाफेचा जो दाब असतो, तो बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एका पटीने जास्त. मोटारीच्या चाकात दोनेक पट. आणि ह्या सिलिंडरात? दोनशे पट! दहा-अकरा लिटरच्या एवढ्याशा नळकांड्यात दोन हजार लिटरांहून जास्त हवा कोंडलेली असते. ती तशीच तोंडात आली तर माणसाचं काय होईल! म्हणून तो पितळेचा गोळा दोनशेचा दाब दहाच्या आसपास आणतो, आणि तोंडाजवळची डबी तो आणखी उतरवून आपण श्वास ओढू तेवढीच हवा देते. श्वास घेतला की झडप उघडते, थांबलं की मिटते. पाण्यात दर दहा मीटरला हवेच्या दाबाएवढा दाब वाढतो, तोही सांभाळून घेते. हे सगळं काम आत कोण करतं? एक रबरी पडदा, एक-दोन स्प्रिंगा आणि बांगडीहूनही बारीक अशा रबरी रिंगा. आपल्या कुकरच्या रिंगेच्या धाकट्या बहिणीच म्हणा ना!

ह्या युक्तीचा जन्मही टंचाईतलाच. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एमिल गान्यां नावाच्या इंजिनिअरने एक झडप तयार केली होती. त्याने आणि जाक कुस्तोने मिळून १९४३ साली तीच कल्पना पाण्याखाली नेली. अडचणीत बाईला जशा युक्त्या सुचतात, तशा पुरुषांनाही कधी कधी सुचतात तर!

पण ह्या रबराचा आणि पितळेचा शत्रू म्हणजे मीठ. खारं पाणी आत राहिलं की वाळतं, त्याचे बारीक खडे होतात, रबर चिरतं, पितळेवर हिरवा कळंक चढतो. म्हणून दरवर्षी, नाही तर ठरावीक डुबक्यांनंतर, रेग्युलेटर जाणकाराकडून पूर्ण उघडून साफ करून घ्यायचा आणि आतल्या रिंगा, पडदे सगळे नवे घालायचे, असा कंपन्यांचा दंडक असतो. वस्तू दिसायला कितीही चांगली असो. मालवणात मेअखेरीपासून ऑगस्टपर्यंत समुद्र खवळलेला, पाण्यातले खेळ बंद. तेव्हा पावसाळा हाच दुरुस्तीचा मोसम. दरवर्षी जूनमध्ये गोव्याहून एक कारागीर आपली हत्यारं घेऊन येई, दोन दिवस राही, ताईच्या हातची सोलकढी पिई आणि सगळं सामान नीट करून जाई.

त्या वर्षी बांद्याच्या नाक्यापलीकडे गोवा होता, पण तो जणू विलायतेत होता. सीमा बंद. कारागीर फोनवर म्हणाला, "मला येता येत नाही, आणि आलो तरी सुटे भाग नाहीत. परदेशातून येणारं सामान अडकलंय. तोवर उघडू नका, धुऊन ठेवा."

भाच्याला ते पटेना. एप्रिल-मे म्हणजे त्याच्या कमाईचे महिने, ते तर गेलेच होते. कर्जाच्या हप्त्यांना ऑगस्टअखेरपर्यंत सवलत मिळाली होती, पण सवलत म्हणजे माफी नव्हे. मोबाइलवर रेग्युलेटर उघडायचे व्हिडिओ बघत तो रात्र-रात्र जागायचा. एकदा पाना घेऊन बसलासुद्धा! तेव्हा भाचेसुनेने त्याच्या हातातून पाना काढून घेतला. एरवी माझ्याशी ती पुस्तकी बोलते, पण रागावली की थेट वेंगुर्ल्याचं माहेर ओठांवर येतं. "ह्यो काय आपल्या घरचो कुकर नाय. हेच्यार माणसाचो श्वास आसा!" एवढंच म्हणाली. ताई आतून ऐकत होती. ती काही बोलली नाही.

त्या दिवसांत सुनेचा सामान सांभाळण्याचा जो परिपाठ होता, तो बघून मला आपल्या उन्हाळी वाळवणांची आठवण झाली. तितकीच शिस्त! किनाऱ्याजवळच्या विहिरीला थोडा मचूळपणा, म्हणून पाणी वरच्या वाडीतून आणायचं. पितळी तोंडावरचं झाकण घट्ट आहे ना ते बघूनच रेग्युलेटर पाण्यात भिजत घालायचा, आणि भिजत असताना डबीवरचं बटण चुकूनही दाबायचं नाही. दाबलं की झडप उघडून पाणी आत शिरतं. मग सावलीत टांगायचा, उन्हात नाही. नळ्यांना घडी घालायची नाही, सैल वेटोळं करायचं. रबरी पोशाख रुंद खांद्याच्या हँगरला. सिलिंडर अगदी रिकामं करायचं नाही, थोडी हवा ठेवायची, म्हणजे दमट वारा आत जात नाही. कॉम्प्रेसर मधूनमधून चालवायचा, आणि त्याची हवा ओढायची नळी धुरापासून लांब ठेवायची. त्यापायी ताईची न्हाणीघराची चूल परसाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. कारण चुलीचा नाही तर इंजिनाचा धूर एकदा सिलिंडरात भरला गेला, की तोच विषारी वायू पाण्याखाली माणसाच्या छातीत जायचा. ताई आधी कुरकुरली होती म्हणे. "माझ्या सासूने घातलेली चूल!" पण हलवली.

जून उजाडला. ३ तारखेला निसर्ग वादळाने उत्तरेकडे रायगडात धुमाकूळ घातला. ५ तारखेला वटपौर्णिमा आम्ही अंगणातच केली. आणि मग मला सांगलीला जाण्याचा पास मिळाला. त्याच रात्री भाचेसून माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मावशी, एक मागू? पुण्यात एक जाणकार आहेत, त्यांच्याशी बोलणं झालंय. इथून पार्सल जात नाही. तुम्ही सांगलीपर्यंत पेटी न्याल? तिथून पुढे जाईल."

मी नको कशी म्हणणार? पण मैत्रिणींनो, तिच्या अटी ऐका! ताईने माझ्यासाठी आंब्याच्या लोणच्याची बरणी बांधली होती. सुनेने ती पेटीपासून दूर, गाडीच्या पुढच्या बाजूला ठेवायला लावली. तेल ह्या रबराला चालत नाही. मी हातांना सॅनिटायझर चोळून पेटीला हात लावायला गेले, तर तेही नको. ते स्पिरिट पेट घेणारं. हवा भरायच्या जागी, सिलिंडराजवळ तर ते मुळीच नको, साबणाने हात धुवा. पुढे मला कळलं, की डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ह्या पाणबुड्यांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनेही त्या दिवसांत अशीच सावधगिरी सांगितली होती. आमची वेंगुर्ल्याची पोर काही उगाच अडवत नव्हती.

ओळखीच्या गाडीने निघालो. फोंडा घाटाच्या नाक्यावर पोलिसांनी अडवलं. पाऊस चाललेला, घाटात धुकं उतरलेलं, आणि मी पदराने तोंड झाकून, वर मास्क लावून बसलेली. पास बघितला, मग पेटी उघडायला लावली. आत काळ्या नळ्या आणि पितळेचे गोळे! तरुण पोर होतं बिचारं, दोन पावलं मागे सरकलं.

"मावशी, हे काय? ऑक्सिजनचं सामान आहे काय?"

"नाही हो साहेब, समुद्रात बुडी मारायचं आहे."

"सांगलीत समुद्र आहे?"

मी म्हटलं, "पावसाळ्यात असतो की! गेल्या साली तुम्ही वाचलं नाही का?" २०१९च्या महापुरात आमच्या सांगलीत घराघरात पाणी शिरलं होतं. तो हसला, आणि आपल्या कोल्हापूरच्या मामांचं घर पुरात कसं गेलं ते सांगायला लागला. मग झाकण स्वतःच्या हाताने लावून दिलं. दाजीपूरचं जंगल, राधानगरी, कोल्हापूर करत मी संध्याकाळी घरी पोचले. दारात आमचे 'हे' उभे. तीन महिन्यांनी बायको दिसतेय, तर पहिला प्रश्न काय? "लोणचं आणलंस की बाँब?"

चौदा दिवस मी वरच्या खोलीत एकटी, आणि सोबतीला ती पेटी. हे जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवायचे. (तीन महिन्यांत ते वरण-भाताचा कुकर लावायला शिकले होते. टाळेबंदीने एवढं तरी भलं केलं!) रात्री झोप आली नाही की मी पेटीकडे बघत पडायची. सहा माणसांचे श्वास त्या पेटीत बंद होते, असं उगीच वाटायचं. बाहेर तर सगळं जगच श्वासाला घाबरलं होतं.

पुण्याला पेटी पोचली, आणि जुलैत पुण्यात पुन्हा दहा दिवसांची कडक टाळेबंदी लागली. पुढे सुट्या भागांची वाट. भाच्याचा फोन मला, माझा फोन पुण्याला. ते कारागीर मोठे शांत गृहस्थ. एकदा म्हणाले, "ताई, ही वस्तू वापरून जेवढी बिघडत नाही तेवढी पडून बिघडते." मी मनात म्हटलं, हे वस्तूंपुरतंच खरं आहे का हो?

ऑक्टोबरात निकाल आला. सहांपैकी चार उत्तम. दोन मात्र नापास. आतल्या पितळेला कळंकाने खड्डे पडले होते, नव्या रिंगा तिथे घट्ट बसणार नाहीत. चूक कारागिराची नव्हती, कंपनीची नव्हती. मार्चमध्ये २१ तारखेला भाचा शेवटची फेरी करून आला, तेव्हा ते दोन संच त्याने न धुता तसेच टांगले होते. दोघांचीही झाकणं सैल होती. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, सोमवारी परत काढायचेच आहेत," असं त्याला वाटलं होतं. आपल्या सगळ्यांनाच तेव्हा तसंच वाटलं होतं, नाही का?

वर्षअखेरीला सरकारने पाण्यातल्या खेळांना परवानगी दिली आणि मालवणात पर्यटक लोटले. मी नाताळानंतर गेले, ती बरोबर भांडणाच्या दिवशी पोचले! पाहुणे आणून देणारा एक जण दारात बसला होता. "सहा जण घ्या, नाही तर मी दुसरीकडे देतो." हप्ते सप्टेंबरपासून सुरू झालेले. भाचा म्हणत होता, की ते दोन रेग्युलेटर आपण घासून-पुसून वापरू. उथळ पाण्यात तर जायचं, शिवाय बिघडला तरी बहुधा हवा बंद पडत नाही, उलट भसाभसा वाहत सुटते. त्याचं म्हणणं यंत्रापुरतं खोटं नव्हतं. पण सून म्हणाली, "आणि तसं झालं की पहिल्यांदा पाण्याखाली गेलेलं माणूस काय करील? घाबरून श्वास रोखील नि वर झेपावेल." श्वास रोखून वर येणं हाच तर ह्या खेळातला सगळ्यांत मोठा धोका! वर येताना छातीतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते. म्हणून पहिला धडा तोच देतात, की श्वास कधीही रोखायचा नाही.

भाचा चिडून म्हणाला, "मग हप्ता कोण भरणार?"

आणि तेव्हा ताई उठली. सुनेशी जेमतेम जुळवून घेणारी माझी ताई. देवघरात गेली, भिशीचे पैसे आणून सुनेच्या हातात ठेवले आणि मुलाला म्हणाली, "चार जणांकच घेवन जा. ती दोनां हिच्या कपाटात ऱ्हवतली." ते दोन रेग्युलेटर सुनेने साड्यांच्या कपाटात कुलूप लावून ठेवले, किल्ली कमरेला. दारातला माणूस उठून गेला. भाच्याने त्या दिवशी जेवताना कुणाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी चार पाहुण्यांची फेरी ठरली होती, पण त्यांतल्या एका बाईंनी आयत्या वेळी धीर सोडला. भाचा माझ्याकडे वळला. "मावशी, तू चल. तुझ्याच पेटीतला आहे."

मी अठ्ठावन्न वर्षांची, कृष्णेच्या घाटावरही गुडघाभर पाण्यापलीकडे न गेलेली! आधी त्याने प्रकृतीचे सतरा प्रश्न विचारले. दमा आहे का, हृदयाचं दुखणं आहे का, करोना होऊन गेलाय का. होऊन गेला असता तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय नेलंच नसतं. मग काळा रबरी पोशाख चढवला. (तो कसा चढवला ते विचारू नका. ताई हसून हसून खाली बसली.) तोंडात रबर धरलं, भाच्याने हात धरला, आणि किल्ल्याची काळी तटबंदी डोळ्यांसमोरून वर सरकत दिसेनाशी झाली.

मासे पाहिले, निळे-पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे. खडकावर डुलणारी झाडासारखी प्राणिसृष्टी पाहिली. पण खरं सांगू? मला सगळ्यांत जास्त आठवतो तो माझ्याच श्वासाचा आवाज. आत घेताना सुस्कारा, सोडताना बुडबुड्यांचा खळखळाट. एकदा, दोनदा, शंभरदा. प्रत्येक वेळी झडप बिनचूक उघडत होती, बिनचूक मिटत होती. माझ्या खोलीत चौदा रात्री पडून असलेली ती मुकी वस्तू बोलत होती. त्या वर्षी किती घरांतून किती जण एकेका श्वासासाठी तळमळले होते! मास्कच्या काचेआड माझे डोळे भरून आले, आणि पाण्याखाली डोळे पुसता येत नाहीत हेही त्या दिवशी कळलं.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. एप्रिल २०२१मध्ये दुसरी लाट आली, होड्या पुन्हा बंद. त्यातच एका रात्री ओळखीतल्या एका घरून भाच्याला फोन आला. "तुझी सिलिंडरं दे, वडिलांना ऑक्सिजन मिळत नाही." त्याला सांगावं लागलं, की ह्यात ऑक्सिजन नाही, आपण घेतो तीच साधी हवा आहे, एकवीस टक्क्यांची, दाबून भरलेली, एवढंच. त्या आजाऱ्याला तिचा काही उपयोग नव्हता. त्याने गाडी काढली आणि रात्रभर खरा ऑक्सिजन शोधत त्या मुलाबरोबर फिरला. सून म्हणते, त्या रात्रीपासून हे सामानाला हात लावताना आधी हात जोडतात.

मग मेच्या मध्यावर तौक्ते वादळ आलं. माड पडले, कौलं उडाली, किनाऱ्यावरच्या होड्या एकमेकींवर आपटल्या. भाच्याच्या होडीची एक बाजू फुटली. पण चार जुने आणि ताईच्या भिशीतून आलेले दोन नवे रेग्युलेटर मात्र कोरडे, सुखरूप, माळ्यावरच्या पेटीत होते. कारण वादळाच्या आदल्या रात्री, सगळे होड्या ओढण्यात गुंतलेले असताना, दोघी सासू-सुना कंदिलाच्या उजेडात एकेक धुऊन, पुसून, झाकण लावून पेटीत भरत बसल्या होत्या. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," असं त्या घरात आता कुणी म्हणत नाही.

तर मैत्रिणींनो, तुम्ही मुलाबाळांना घेऊन मालवणला जाल, आणि जरूर जा, तेव्हा एवढं लक्षात ठेवा. पाण्यात उतरण्यापूर्वी विचारायला लाजू नका, की सामानाची शेवटची दुरुस्ती कधी झाली. सिलिंडरावर तपासणीची तारीख ठोकलेली असते, ती पाहा. तोंडात धरायचा रबरी भाग स्वच्छ धुतलेला आहे ना, तेही पाहा. प्रकृतीचे प्रश्न विचारणाऱ्यावर वैतागू नका. न विचारणाऱ्याकडे जाऊ नका. आणि चार जणांनाच नेणारा भेटला, तर सहा जणांसाठी घासाघीस करू नका. पाचवा-सहावा थोडा वेळ किनाऱ्यावर नारळपाणी पीत बसला, म्हणून काही बिघडत नाही.

आणि मालवणला जाणार नसाल, तर आज स्वयंपाकघरातच एक काम करा. गॅसच्या सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे आकडे वर्षाचे. ती त्या सिलिंडराच्या पुढच्या तपासणीची मुदत. ती उलटून गेलेलं सिलिंडर घरात घेऊच नका. शेगडीची रबरी नळी चिरली आहे का बघा. आणि हो, कुकरची रिंग!

नापास झालेल्या दोनांपैकी एक रेग्युलेटर सुनेने मला आठवण म्हणून दिलाय. तो मी स्वयंपाकघरातल्या फळीवर, कुकरच्या शेजारी ठेवलाय. येणारी-जाणारी प्रत्येक जण विचारते, "हे काय गं?" मग मी आधी चहा टाकते, नि मालवणपासून सांगायला सुरुवात करते.